ज्युबिली वर्ष: आधी गर्दी, मग आज्ञापत्र

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: २०२५ चं ज्युबिली वर्ष, म्हणजे कॅथलिक चर्चचं क्षमेचं खास वर्ष, संपलं, रोमच्या मोठ्या चर्चेसमधली फक्त ज्युबिलीत उघडणारी पवित्र द्वारं बंद झाली आणि सत्तरी ओलांडलेल्या आईला घेऊन जायचं राहून गेलं. आता पुढचं थेट २०५० मध्येच का, हे २५ वर्षांचं गणित बायबलमध्ये आहे का, आणि त्या दारातून गेलं की सगळी पापं माफ होतात असं जे सगळे सांगतात ते खरं का? मी वसई-मुंबईकडचे यात्रेकरूंचे ग्रुप घेऊन बरीच वर्षं रोमला जातोय, ज्युबिलीत पण आणि साध्या वर्षी पण, त्यामुळे हे तिन्ही प्रश्न मला विमानतळावरच्या लाइनमध्ये सुद्धा विचारले जातात. जरा लांबेल, पण नीट सांगतो.

आधी आकडा. बायबलमध्ये २५ नाही, ५० आहे. लेवीय पुस्तकाच्या २५व्या अध्यायात योबेल वर्ष येतं, सात गुणिले सात वर्षं झाली की पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकायचं, गुलामांना मोकळं करायचं, विकलेली वडिलोपार्जित जमीन मूळ घराण्याला परत द्यायची, शेत पडीक ठेवायचं. कल्पना जबरदस्त आहे, पण रोमच्या ज्युबिलीची सुरुवात तिथून झाली असं समजू नका. पहिली ज्युबिली १३०० सालची, आणि ती कुणी बसून ठरवलेली नव्हती.

झालं असं की १२९९ चा नाताळ संपून नवीन शतक लागतंय म्हणताना रोममध्ये लोक जमायला लागले. कुणी बोलावलं नव्हतं. शतकाच्या पहिल्या वर्षी संत पेत्राच्या कबरीपाशी गेलं की मोठी क्षमा मिळते अशी बातमी तोंडोतोंडी पसरली होती. पोप होते बोनिफेस आठवे. त्यांनी जुनी कागदपत्रं शोधायला लावली तर काहीच सापडलं नाही. मग सॅव्हॉयकडचा एक १०७ वर्षांचा म्हातारा पुढे आला म्हणतात, त्याने सांगितलं की १२०० साली माझा बाप रोमला आला होता आणि शंभर वर्षांनी जिवंत असलास तर तू पण जा असं मला बजावून गेला. खरं किती आणि गोष्ट किती ते सोडा, पण २२ फेब्रुवारी १३०० ला बोनिफेसनी आज्ञापत्र काढलं आणि ते मागच्या नाताळपासून लागू केलं, म्हणजे आधी येऊन गेलेल्यांचं पण नुकसान नको. अटी अशा: पश्चात्ताप आणि कन्फेशन, म्हणजे धर्मगुरूसमोर पापांची कबुली, आणि संत पेत्र नि संत पौल यांच्या बॅसिलिकांना, म्हणजे मोठ्या चर्चेसना, भेट, रोमच्या रहिवाशांनी ३० दिवस, बाहेरून येणाऱ्यांनी १५ दिवस. आणि हे दर शंभर वर्षांनी.

माझं सगळ्या ज्युबिली इतिहासाबद्दल एकच म्हणणं आहे ते इथेच सांगून टाकतो. बहुतेक वेळा लोक आधी पोचलेत आणि पोपचा कागद नंतर आलाय. आपल्याकडे सिंहस्थाला कसं, गुरू सिंह राशीत गेला की तारीख ठरली, कुणाच्या सहीची गरज नाही. इथे सही पोपचीच लागते, पण सही करायला लावणारी गर्दीच असते.

१३०० च्या गर्दीच्या दोन गोष्टी मला फार आवडतात. एक म्हणजे संत अँजेलोच्या पुलावर येणारे एका बाजूने आणि जाणारे दुसऱ्या बाजूने अशी वाहतुकीची सोय केली होती आणि इटालियन कवी दान्तेने नरकाचं वर्णन करताना तिथल्या पापी लोकांच्या दोन रांगांना चक्क याच पुलाची उपमा दिली. दुसरी म्हणजे आस्ती गावच्या गुल्येल्मो व्हेंतुराने लिहून ठेवलंय की संत पौलाच्या वेदीपाशी दोन धर्मगुरू रात्रंदिवस उभे राहून दाताळ्याने नाणी ओढत होते. लोक हे वाचून पैसेखाऊपणा म्हणतात, मी पण थोडं म्हणतो, पण ती नाणी बहुतेक चिल्लर होती, गरिबांची.

आता शंभराचे पन्नास कसे झाले बघा. शंभर वर्षं म्हणजे तीन-चार पिढ्यांतल्या एकीलाच संधी. १३४३ मध्ये रोमकरांचं शिष्टमंडळ फ्रान्समधल्या आव्हिन्यॉंला गेलं, कारण तेव्हा पोप तिथे राहत होते, आणि विनवणी केली की माणसाचं आयुष्य केवढंसं, अंतर कमी करा. यात भक्ती होतीच, पण पोप नसलेलं रोम ओस पडलं होतं, धंदापाणी बसलं होतं, हे पण कारण होतं. क्लेमेंट सहावे यांनी ऐकलं आणि तेव्हा लेवीय पुस्तकातल्या ५० चा आधार दिला. म्हणजे बायबलचं योबेल वर्ष इथे खऱ्या अर्थाने जोडलं गेलं. १३५० ची ज्युबिली प्लेगच्या भयंकर साथीनंतर दोनच वर्षांनी आली, युरोपातली घरंच्या घरं रिकामी झाली होती, आणि तरी लोक आले. गंमत म्हणजे पोप स्वतः आव्हिन्यॉंतच बसून राहिले. पोपशिवायची ज्युबिली!

नंतर अर्बन सहाव्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्याची वर्षं धरून अंतर ३३ केलं आणि पुढची १३९० ला लावली, ती होईपर्यंत ते वारले आणि बोनिफेस नववे यांनी ती पार पाडली. पण लोकांच्या डोक्यात १३५० अधिक ५० हे गणित बसलेलं, त्यामुळे १४०० ला ते पुन्हा आलेच, रीतसर घोषणा नसताना, आणि पोपना क्षमा द्यावीच लागली. शेवटी १४७० मध्ये पॉल दुसरे यांनी २५ वर नक्की केलं म्हणजे प्रत्येक पिढीला निदान एकदा तरी मिळावं, आणि १४७५ पासून ते चालू आहे. तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे, २५ हा आकडा देवाने दिलेला नाही, आयुष्य कमी आहे म्हणून माणसांनी मागून घेतलेला आहे.

मधल्या १४५० च्या ज्युबिलीचं पण सांगायला हवं कारण ग्रुप लीडर म्हणून मला ती कायम आठवते. १९ डिसेंबरला संध्याकाळी त्याच संत अँजेलोच्या पुलावर दोन्हीकडून लोंढे आले, मध्ये एक खेचर बिथरलं म्हणतात, आणि चेंगरून आणि नदीत पडून पावणेदोनशे ते दोनशेच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर पुलाच्या तोंडाशी असलेली दुकानं-घरं पाडून जागा मोकळी केली, आणि १४७५ च्या ज्युबिलीसाठी सिक्स्टस चौथे यांनी नवीन पूलच बांधला, पोन्ते सिस्तो. आजही तो आहे, संध्याकाळी तरुण पोरं गिटार घेऊन बसलेली असतात. रोममधले कितीतरी रस्ते, पूल, धर्मशाळा या गर्दीच्या धाकाने झालेत. २०२५ च्या आधी पण सगळं शहर खोदून ठेवलं होतं, व्हॅटिकनसमोरच्या पियात्सा पीआला गाड्या जमिनीखालून घातल्या आणि वर पायी चालायला चौक केला, तो उद्घाटनाच्या अगदी तोंडावर पूर्ण झाला. टॅक्सीवाल्यांनी दोन वर्षं शिव्या घातल्या आणि आता तेच कौतुकाने दाखवतात.

आता दार. १५०० ची ज्युबिली अलेक्झांडर सहावे यांची, म्हणजे बोर्जिया घराण्यातले पोप, ज्यांच्या चारित्र्याबद्दल न बोललेलंच बरं. पण पवित्र द्वाराचा विधी आज ज्या साच्यात आहे तो त्यांच्या काळचा, आणि तो बसवला त्यांच्या विधी-अधिकाऱ्याने, योहानेस बुर्कार्डने. लोकांची पक्की समजूत होती की जुन्या संत पेत्र बॅसिलिकात एक बुजवलेलं सोनेरी दार आहे. जागा उकरून बघितली तर नुसती सलग भिंत, दाराचा पत्ता नाही. मग लोकांची श्रद्धा मोडायची नाही म्हणून तिथेच दार पाडायचं ठरलं. पुन्हा तेच, लोकांनी आधी मानलं आणि मग ते तयार केलं.

त्यानंतर कित्येक शतकं पद्धत अशी होती की दार विटांनी बुजवलेलं असायचं, पोप नाताळच्या आदल्या संध्याकाळी हातोडीने तीनदा ठोकायचे आणि आधीच सैल करून ठेवलेली भिंत मागे ओढून पाडायची. यात्रेकरू विटांचे तुकडे पवित्र वस्तू म्हणून घरी न्यायला झोंबायचे. १९७४ च्या नाताळला पॉल सहावे ठोकत असताना वरून मलबा पडला, अगदी त्यांच्या जवळ, फोटोत दिसतं ते कसे दचकलेत. पुढे पद्धत बदलली. आता भिंत आतल्या बाजूला असते, ती आधीच काही दिवस शांतपणे काढतात, तिच्यात गाडलेली धातूची पेटी बाहेर काढतात, त्यात मागच्या ज्युबिलीचे कागद, पदकं वगैरे असतात, आणि मग पोप येऊन फक्त दार ढकलतात. संत पेत्रचं आजचं काशाचं दार १९५० च्या ज्युबिलीचं, व्हिको कोन्सोर्ती या शिल्पकाराने केलेलं आणि स्वित्झर्लंडच्या कॅथलिकांनी दिलेलं. त्याच्यावरच्या चौकटी बघायला वेळ ठेवा असं मी नेहमी सांगतो आणि नेहमीच कुणी ठेवत नाही, सगळे सेल्फीत.

क्षमेच्या प्रश्नावर मात्र जरा थांबतो कारण सगळ्यात जास्त चुकीचं इथे सांगितलं जातं, आणि टूरवाले तर सर्रास चुकीचं छापतात. दारातून गेल्याने पाप माफ होत नाही. पाप माफ होतं ते कन्फेशनमध्ये, धर्मगुरूसमोर, वसईच्या चर्चमध्ये झालं काय किंवा रोममध्ये झालं काय, सारखंच. चर्चची शिकवण अशी की पाप माफ झालं तरी त्याने माणसात जे बिघडवून ठेवलंय त्याची शुद्धी उरते, ती इथे प्रायश्चित्ताने, प्रार्थनेने, दानाने होते नाहीतर मेल्यावर पर्गेटरीत, म्हणजे स्वर्गाआधीच्या शुद्धीच्या अवस्थेत. इंडल्जन्स म्हणजे त्या उरलेल्या भोगाची सूट. ती पूर्ण मिळायला कन्फेशन हवं, कम्युनियन (मिस्सेतला पवित्र प्रसाद) हवं, पोपच्या इराद्यांसाठी प्रार्थना हवी आणि मन कुठल्याही पापात, अगदी छोट्याही, अडकलेलं नको. ही शेवटची अट सगळ्यात अवघड आणि तिच्याबद्दल ब्रोशरमध्ये कधीच काही नसतं. दार हे या सगळ्यातलं दिसणारं अंग आहे, आणि दिसतं म्हणून लोकांना तेच सगळं वाटतं.

एक कामाची गोष्ट: कन्फेशन त्याच दिवशी करायला लागत नाही. चर्चनेच सांगितलंय की आधी किंवा नंतर साधारण वीस दिवसांत झालं तरी चालतं, कम्युनियन आणि प्रार्थना मात्र त्याच दिवशी असणं चांगलं. म्हणून मी ग्रुपला सांगतो की निघण्यापूर्वी आपल्या चर्चमध्ये, आपल्या भाषेत, निवांत कन्फेशन करून या. रोमच्या बॅसिलिकांत कन्फेशनच्या पेटीवर भाषा लिहिलेल्या असतात पण मराठीची आशा धरू नका, आणि म्हाताऱ्या माणसाला मोडक्या इंग्रजीत आयुष्य सांगायला लावणं हा छळ आहे.

आणि हो, "पैसे घेऊन पापं विकत होते ना" हा प्रश्न. सूट वाटताना देणग्या घेणं हे झालंय, त्यात लपवण्यासारखं काही नाही. रोमची ज्युबिली संपली की तीच सूट दुसऱ्या देशांत देणगीच्या बदल्यात द्यायची प्रथा पडली होती आणि तिचा बाजार झाला. मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये ज्याच्यावर हल्ला केला ती मात्र ज्युबिलीची नव्हती, ती नवीन संत पेत्र बॅसिलिकाच्या बांधकामासाठीची होती, दोन्हीची सरमिसळ करू नका. ट्रेंटच्या धर्मसभेने, म्हणजे बिशपांच्या मोठ्या सभेने, १५६३ मध्ये या कमाईवर घाव घातला आणि १५६७ मध्ये पायस पाचवे यांनी पैशाशी बांधलेल्या सवलती रद्द केल्या. आज दारातून जायला एक पैसा लागत नाही. २०२५ मध्ये नोंदणी होती, ॲपवर फुकट डिजिटल कार्ड मिळायचं, ते फक्त गर्दीची वेळ ठरवायला. ज्यांच्याकडून कुणी "पवित्र द्वार प्रवेश शुल्क" घेतलं असेल त्यांना फसवलंय, स्पष्ट सांगतो.

ट्रेंटनंतरची १५७५ ची ज्युबिली मला सगळ्यात जवळची. संत फिलिप नेरींनी १५४८ मध्ये गरीब यात्रेकरूंसाठी एक मंडळ काढलं होतं, त्रिनिता देई पेल्लेग्रिनी, तिथे आलेल्या माणसाला जेवण, बिछाना, आणि दमलेले पाय धुऊन द्यायचे. पाय धुणाऱ्यांत सरदार आणि कार्डिनल असायचे, १६०० च्या ज्युबिलीत पोप क्लेमेंट आठवे पण. त्याच १६०० मध्ये फेब्रुवारीत पाखंडी ठरवलेल्या विचारवंत जोर्दानो ब्रूनोला कांपो दे फियोरीत जिवंत जाळलं. एकाच वर्षात, पाच-सात मिनिटं चालण्याच्या अंतरावर. मी ग्रुपला दोन्ही जागा दाखवतो, काही लोकांना आवडत नाही, पण मी दाखवतो.

एकोणिसावं शतक पटकन सांगतो कारण सांगण्यासारखं थोडंच आहे. १८०० ला झालीच नाही, पायस सहावे नेपोलियनच्या काळात फ्रान्समध्ये कैदेत वारले होते. १८२५ ला झाली. १८५० ला पोप रोमबाहेर होते म्हणून नाही. १८७५ ला रोम इटलीच्या ताब्यात गेलेलं, कसलाही समारंभ नाही, दारं बंदच. म्हणून १९०० ला लिओ तेरावे यांनी दार उघडलं तेव्हा खरी ज्युबिली पाहिलेले लोक जवळजवळ उरलेच नव्हते, आणि उरलेल्यांत एक स्वतः पोप होते, वय नव्वदीच्या जवळ, ज्यांनी १५ वर्षांचे असताना १८२५ ची पाहिली होती. १३०० च्या त्या १०७ वर्षांच्या म्हाताऱ्याची जागा या वेळी पोपनेच घेतली.

मध्ये मध्ये जादाच्या ज्युबिल्या पण असतात, १९३३, १९८३ या ख्रिस्ताच्या मरण-पुनरुत्थानाच्या हिशोबाने, आणि २०१५-१६ ची करुणेची. ती पोप फ्रान्सिसनी रोममध्ये सुरूच केली नाही, २९ नोव्हेंबर २०१५ ला मध्य आफ्रिकेतल्या बांगी शहरात, यादवी चालू असलेल्या देशात, तिथल्या कॅथेड्रलचं दार उघडलं. त्या वर्षी जगभरच्या धर्मप्रांतांत पवित्र द्वारं होती, आपल्याकडे पण, आणि इथूनच २०२५ चा गोंधळ झाला. कितीतरी जण मला म्हणाले आमच्या चर्चचं पवित्र द्वार कुठलं? २०२५ ला तसं नव्हतं. द्वारं फक्त रोमच्या चार मोठ्या बॅसिलिकांत आणि एक तिथल्याच रेबिब्बिया तुरुंगात, जे फ्रान्सिसनी २६ डिसेंबर २०२४ ला उघडलं. धर्मप्रांतांत ज्युबिलीची चर्चेस नेमलेली होती, तिथे जाऊन इंडल्जन्स मिळत होतं, पण दार नव्हतं. त्यात भरीस भर म्हणजे त्याच सुमारास, नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५, जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचं दहा वर्षांनी होणारं शवदर्शन होतं, ते वेगळं प्रकरण, त्याचा रोमच्या ज्युबिलीशी संबंध नाही, पण अर्ध्या वसईने दोन्ही एकच धरलं.

२०२५ मध्ये आणखी एक गोष्ट झाली जी १७०० नंतर झाली नव्हती, ज्युबिली एका पोपच्या काळात सुरू झाली आणि दुसऱ्याच्या काळात संपली. फ्रान्सिस २१ एप्रिलला, ईस्टरच्या सोमवारी गेले, लिओ चौदावे ८ मेला निवडले गेले आणि त्यांनी ६ जानेवारी २०२६ ला संत पेत्रचं दार बंद केलं. व्हॅटिकनच्या हिशोबाने वर्षभरात ३ कोटी ३० लाखांच्या वर लोक आले. एप्रिलमध्ये जे किशोरवयीन मुलांचे ग्रुप उत्सवाला म्हणून आले होते ते अंत्यविधीच्या रांगेत उभे राहिले, आणि ज्या मोठ्या संतपदाच्या सोहळ्यासाठी तिकिटं काढली होती तो, इटलीतल्या किशोरवयीन कार्लो अकुतीसचा, सप्टेंबरवर गेला.

आता तुमच्या आईचं. पहिली गोष्ट, मनाला लावून घेऊ नका, कारण २०२५ च्या नियमांतच होतं की आजारी, वृद्ध, घरातून निघू न शकणारे आणि त्यांची काळजी घेणारे यांना घरी बसून, मनाने यात्रेत सामील होऊन, प्रार्थना करून तेच इंडल्जन्स मिळत होतं. आजाऱ्याला, कैद्याला, एकट्या पडलेल्या म्हाताऱ्याला भेटायला जाणं हे सुद्धा त्यात धरलं होतं, आठवड्यातून एक दिवस तरी मोबाइल-सोशल मीडियापासून लांब राहणं हे पण. कदाचित तुम्ही आईचं करताकरता न कळत अर्ध्या अटी पूर्ण केल्या असतील.

दुसरी, २०५० पर्यंत थांबायची गरज नाही. २०३३ ला ख्रिस्ताच्या बलिदानाला दोन हजार वर्षं होतात, फ्रान्सिसनी २०२५ च्या आज्ञापत्रातच त्याचा उल्लेख केलाय, त्यामुळे तेव्हा काहीतरी मोठं असेल असं सगळे धरून चाललेत. त्याच्या आधी हवं असेल तर स्पेनमधलं सांतियागो दे कोंपोस्तेला, तिथे संत याकोबाचा सण, २५ जुलै, ज्या वर्षी रविवारी येतो ते पवित्र वर्ष असतं आणि त्यांचं स्वतःचं पवित्र द्वार आहे. पुढचं २०२७. पण सत्तरीच्या बाईला तिथवर नेणं म्हणजे विमान बदलत जाणं, मी तरी सुचवणार नाही. इंडल्जन्स तर दरवर्षी इथेच मिळतं, १ ते ८ नोव्हेंबरमध्ये कबरस्तानात जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली की, नेहमीच्या अटींसह, मृत आत्म्यांसाठी.

आणि रोमच दाखवायचं असेल तर खरं सांगू का, साधं वर्ष जास्त चांगलं. दार तेवढं बंद असतं, कबरी तिथेच असतात. फेब्रुवारी किंवा नोव्हेंबर धरा, जुलै-ऑगस्टचं ऊन त्या वयाला झेपत नाही. संत पेत्रला बुधवारी सकाळी जाऊ नका, पोपच्या भेटीमुळे सगळं अडलेलं असतं, सकाळी लवकर गेलात तर सिक्युरिटीची लाइन निम्मी असते. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, साडी असली की प्रश्नच नाही. सांता मारिया माज्जोरे बॅसिलिका तेर्मिनी स्टेशनपासून चालत आहे, तिथे पोप फ्रान्सिसची साधी कबर आहे, आईला तिथे जास्त वेळ द्या. लातेरानच्या बॅसिलिकाला मेट्रो आहे, समोर पवित्र पायऱ्या आहेत २८, त्या गुडघ्यांवर चढायच्या असतात, आई हट्ट करेल, करू देऊ नका, बाजूला चालत जायचा जिना आहे. संत पौलला मेट्रोची बी लाइन, स्टेशनचं नावच बॅसिलिका सान पाओलो, तिथे गर्दी कायम कमी असते आणि बसायला जागा मिळते. चारही एका दिवसात उरकायचा नाद करू नका, दोन दिवस घ्या, आणि शेंगेन व्हिसाची अपॉइंटमेंट आधी बघा, विमानाचं तिकीट नंतर.